झाकणमावशी थांबायची

मौनी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण स्टुडिओत खऱ्या नावानं हाक मारायला वेळ कुणाला असतो? ती बोलत नाही म्हणून मौनी, झालं. नाव ठेवणाऱ्यांना वाटायचं, बाईसाहेब शिष्ट आहेत, कुणाशी धड बोलत नाहीत. खरी गोष्ट साधी होती. ती बोलायला लागली की अडखळायची. पहिलं अक्षर दारातच हटून बसायचं, आणि ते बाहेर निघेपर्यंत समोरच्या माणसानं तिचं वाक्य स्वतःच पुरं केलेलं असायचं, वर "हेच ना?" असं विचारून तो चालूही लागलेला असायचा. मग बोलायचं तरी कशाला? मान हलवावी आणि मोकळं व्हावं.

बोटं मात्र तिची कधी अडखळली नाहीत. टीव्हीच्या थेट कार्यक्रमात कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घराघरांत जायचं, हे ज्या बटणांवरून ठरतं, त्या मिक्सरवर ती बसायची. आई होती तोवर शेजारीपाजारी कौतुकानं सांगायची, "आमची धाकटी मिक्सर चालवते," आणि शेजारणींना कितीतरी दिवस वाटत होतं की पोरगी कुठल्याशा हॉटेलात मसाला वाटायला जाते. मौनीनं कधी खुलासा केला नाही. तेवढं बोलण्यापेक्षा मसाला वाटणं परवडलं.

कंट्रोल रूम म्हणजे बिनखिडक्यांची थंडगार खोली. समोर भिंतभर पडदे, पडद्यांपुढे लांबलचक टेबल, टेबलावर तिचं पॅनेल, म्हणजे दिव्यांच्या बटणांच्या रांगाच रांगा. डाव्या हाताला दिग्दर्शक. त्यानं "एक" म्हटलं की एक नंबरचा कॅमेरा, "दोन" म्हटलं की दोन नंबरचा. तिनं फक्त ऐकायचं आणि बोट टेकवायचं. अख्ख्या इमारतीत हीच एक खुर्ची अशी होती, जिथं बसून तोंड न उघडता पोट भरता येत होतं. ती खुर्ची गेली असती तर बाकी कुठंही, अगदी चौकशीच्या खिडकीत बसायचं म्हटलं तरी, बोलावंच लागलं असतं. हे तिला पुरतं ठाऊक होतं, म्हणून ती आजवर कधी कुणाच्या वाटेला गेली नाही.

आणि मग एक दिवस बातमी आली की 'झाकण' परत सुरू होतंय.

ज्यांनी 'झाकण' पाहिलं नाही त्यांना सांगायलाच हवं. लहान मुलांचा कार्यक्रम होता तो, शाळा सुटल्यावर लागायचा. एक साधं लाकडी टेबल. टेबलावर एक मोठं, पोचे पडलेलं, पत्र्याचं झाकण. त्यामागे एक बाई, जिला सगळी मुलं झाकणमावशी म्हणायची. बाई ना नाचायची, ना टाळ्या पिटायला लावायची. झाकण उचलायची. खाली रोज एखादी वस्तू. कधी कुलूप, कधी गाळणी, कधी सायकलची घंटी. मग ती सरळ तुमच्याकडे बघून विचारायची, "हे काय असेल बरं? तुला काय वाटतं?" आणि कोपर टेबलावर टेकवून, हनुवटी तळव्यावर ठेवून थांबायची.

खरंच थांबायची. गाणं नाही, वाद्य नाही, कोपऱ्यात टिकटिकणारं घड्याळ नाही. घरातल्या मोठ्या माणसांना वाटायचं टीव्ही बिघडला, आणि कुणीतरी उठून त्याच्या डोक्यावर चापट मारायचं. मावशी आपली बघत बसलेली. चेहऱ्यावर घाई नावाला नाही. मग कधीतरी ती म्हणायची, "अस्सं. आणि?" आणि पुन्हा थांबायची. एवढं झालं की मग ते कुलूप उघडायची, आतली कळ कशी फिरते ते दाखवायची, तुम्ही सांगितलेलं सगळं जणू ऐकून घेतल्यासारखी.

मौनी तेव्हा शाळेच्या पहिल्या इयत्तांत होती. घरी आई होती, बाबा होते आणि ताई होती. ताई म्हणजे प्रेमाचा झरा, पण त्याला तोटी नव्हती. धाकटीचं अडखळणं तिला बघवत नसे. मौनीनं "म-म-" केलं की ताई लगेच, "तिला म्हणायचंय की…" दुकानात, शाळेत, पाहुण्यांपुढे, सगळीकडे ताईच तिची जीभ. एकदा कपड्यांच्या दुकानात विचारलं, कुठला रंग हवा गं तुला? मौनीला निळा हवा होता. ती "नि" पर्यंत पोचायच्या आत ताई म्हणाली, "हिरवा. तिला हिरवा फार आवडतो." कुठून काढलं तिनं, देव जाणे. पण त्या दिवसापासून हिरवा हा मौनीचा आवडता रंग ठरला, तो ठरलाच. दप्तर हिरवं, रिबिनी हिरव्या, छत्री हिरवी. आता पोरीचे केस पिकायला आले, तरी दर वाढदिवसाला ताईकडून एक हिरवं काहीतरी येतंच. ताईची माया खोटी नव्हती, म्हणूनच तर पंचाईत होती. दुष्टाशी भांडता येतं.

तर एका दुपारी घरात कुणी नव्हतं. ताई कुठं शेजारी गेली होती, आई मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. झाकणाखालून कुलूप निघालं. "हे काय असेल बरं? तुला काय वाटतं?" मौनीनं तोंड उघडलं. "कु," झालं. "कु-कु-कु," झालं. मग आवाजच बंद, नुसतं तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. तिनं डोळे मिटून घेतले, कारण एव्हाना समोरचा माणूस गेलेला असणार हे तिला पाठ होतं. डोळे उघडले तर बाई तिथंच. हनुवटी तळव्यावर. "कुलूप," मौनी म्हणाली. आणि मावशी म्हणाली, "अस्सं. आणि?"

आणि? असं तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. लोकांना तिचं पहिलंच वाक्य कधी संपतंय याची घाई, दुसऱ्याची कोण वाट बघणार? ती त्या टीव्हीपुढे फतकल मारून बसली आणि कुलपाबद्दल होतं नव्हतं तेवढं सगळं बोलली. पुढे ती रोज बोलायची. अडखळणं काही पळून गेलं नाही, ही काही जादूची गोष्ट नव्हे. पण आपल्याकडे सांगण्यासारखं असतं, एवढं तिला कळलं, आणि ते कळलं म्हणून ती शाळेत टिकली, शिकली, कामाला लागली. टीव्हीच्याच कामाला का लागली, ते निराळं सांगायला नको.

आता 'झाकण' परत येणार होतं, एका खास थेट भागापासून. झाकणमावशी म्हातारी झाली होती, पण हयात होती, आणि यायला तयार होती. दिग्दर्शक म्हणून ज्याला नेमलं होतं, त्याला सगळे फटाफट म्हणत, कारण त्याचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दानं सुरू व्हायचं किंवा संपायचं. पोरगा वाईट नव्हता. हुशार होता, मरमर मरायचा. पण त्याला शांततेची भीती वाटायची, अंधाराची वाटते तशी. पडद्यावर क्षणभर काही हललं नाही की त्याचा पाय टेबलाखाली थडथडायला लागायचा.

तालमीच्या दिवशी त्यानं सगळ्यांना कंट्रोल रूममध्ये गोळा केलं. "प्रश्न विचारून झाला की लगेच कट. मॅडमवर राहायचं नाही. आपलं उड्या मारणारं कार्टूनचं माकड येईल, 'पटकन सांग, पटकन सांग' गाणं वाजेल, आकडे उलटे पळतील, आणि मग उत्तर मोठ्या अक्षरांत. फटाफट."

"आणि त्या थांबतात ते?" कोपऱ्यातून आवाजवाले काका म्हणाले. ते कुलपाच्या काळापासून आवाज सांभाळत होते.

"थांबू दे की त्यांना. त्यांना मी सांगितलंय, हव्या तेवढ्या थांबा. फ्लोअरवरचा मॉनिटर आपण पाठमोरा ठेवलाय, त्यांना दिसणारच नाही बाहेर काय जातंय. काका, आजचं मूल गप्प पडद्यापुढे बसत नाही. बोट फिरवतं आणि दुसरीकडे जातं. गप्प पडदा म्हणजे मेलेला पडदा."

म्हणजे म्हातारी तिकडे हनुवटी टेकवून थांबणार, बंद पडलेल्या फोनवर बोलणाऱ्या माणसासारखी, आणि इकडे घराघरांत माकड नाचणार. कुठलं तरी एखादं मूल आताही कुठल्याशा घरात तोंड उघडून बसलेलं असेल, त्याचं पहिलं अक्षर अडलेलं असेल, आणि तेवढ्यात हे माकड त्याच्या अंगावर 'पटकन सांग' म्हणून ओरडणार. अरे, पटकन सांगता आलं असतं तर सांगितलं नसतं का त्यानं?

तिला खूप बोलायचं होतं. तिनं मान हलवली आणि ती पॅनेलकडे वळली.

तालीम सुरू झाली आणि फटाफटनं नेहमीचा गोंधळ घातला. त्याच्यापुढे एक लाल बटण होतं. ते दाबून बोललं की निवेदकाच्या कानातल्या इवल्याशा यंत्रात ऐकू जायचं. सोडलं की बंद. पण फटाफट तापला की बोट उचलायलाच विसरायचा, आणि कंट्रोल रूममधला सगळा आरडाओरडा निवेदकाच्या कानात ओतला जायचा. बातम्या सांगणाऱ्या एका बाईंनी एकदा हवामान सांगता सांगता त्याच्या तोंडच्या शिव्या ऐकल्या होत्या आणि ढगांऐवजी स्वतःच गडगडल्या होत्या. काका त्याला दरवेळी सांगायचे, "बटण, साहेब, बटण." दरवेळी तो म्हणायचा, "हो हो," आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

थेट भागाच्या दिवशी मौनी लवकर आली. अंगात ताईनं विणलेला स्वेटर, रंग सांगायला नकोच. ती पॅनेलकडे न जाता मेकअपच्या खोलीकडे गेली. दारात उभी राहिली, परत फिरली, परत आली. मेकअपवाला नुकताच ब्रश धुवायला बाहेर पडला होता. आत आरशापुढे झाकणमावशी एकटीच बसली होती. मांडीवर ते जुनं झाकण. स्टुडिओनं चकचकीत, दिव्यांचं नवं झाकण करून घेतलं होतं, ते बाईंनी बघून "छान आहे" म्हटलं होतं आणि आपलंच पिशवीतून आणलं होतं.

"ये गं," मावशी म्हणाली. "काही सांगायचंय का?"

मौनीनं तोंड उघडलं. अडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. तिनं सवयीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा मावशीचं कोपर खुर्चीच्या हातावर होतं आणि हनुवटी तळव्यावर. ती बघत होती. कीव नव्हती, घाई नव्हती. इतक्या वर्षांनी तोच चेहरा, फक्त सुरकुत्या जास्त.

"ते तु-तुम्हाला दाखवणार नाहीत," मौनी म्हणाली. "तुम्ही थांबाल ना, ते-तेव्हा मा-माकड दाखवणार."

"माकड?"

"का-कार्टून. उ-उड्या मारतं. पटकन सांग म्हणतं."

मावशी आधी हसली. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं आणि खाली जे उरलं ते काही मऊ नव्हतं. "मला म्हणाला, हव्या तेवढ्या थांबा. गोड बोलून गळा कापला की गं मेल्यानं."

"तु-तुम्ही जा. नका क-करू."

"मी गेले तर माकड एकटंच उरेल." मावशीनं झाकणावरचा पोचा अंगठ्यानं चोळला. "तुला ठाऊक आहे, आम्ही किती थांबायचो ते कसं ठरायचं? घड्याळ लावून नाही. आमचा एक दिवेवाला होता. अतिशय सावकाश माणूस. चहा हवा का विचारलं तर चहा निवायचा, पण उत्तर यायचं नाही. मी झाकण उचललं की तो कॅमेऱ्यामागे उभा राहून मनातल्या मनात खरंच उत्तर द्यायचा. झालं की मान हलवायचा. त्याची मान हलल्याशिवाय मी 'अस्सं' म्हणायचे नाही. खोलीत जो सगळ्यांत सावकाश, त्याचं होईपर्यंत थांबायचं, एवढाच नियम. हुशार मुलं काय, कुठंही शिकतात."

"ते आ-आता…"

मौनीला पुढे विचारायचं होतं, ते आता कुठं असतात. मावशीनं तिचं वाक्य पुरं केलं नाही. मौनीनंच केलं, सावकाश.

"गेले ते. आता कुणाच्या मानेकडे बघायचं, तेच कळत नाही." मावशी उठली. "असो. मी तर थांबणार. थांबणं माझ्या हातात आहे. दाखवणं कुणाच्या हातात असतं गं?"

मौनीनं आपल्या हातांकडे पाहिलं. तिला अजून खूप सांगायचं होतं, कुलपाचं, त्या दुपारचं. पण बाहेरून "मॅडम, फ्लोअरवर चला" अशी हाक आली आणि बाकीचं राहून गेलं.

कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीची धून, टेबल, पोचे पडलेलं झाकण. मौनीची बोटं आपसूक चालत होती. एक, दोन, पुन्हा एक. मावशीनं झाकण उचललं. खाली एक पत्र्याचं नरसाळं होतं, तेल ओतायचं असतं तसं. तिनं ते उभं केलं, आडवं केलं, त्यातून एका डोळ्यानं आरपार पाहिलं.

"हे काय असेल बरं? तुला काय वाटतं?" कोपर टेबलावर. हनुवटी तळव्यावर.

"माकड," फटाफट म्हणाला.

मौनीचं बोट बटणावर होतं. नुसतं टेकवायचं होतं. इतक्या वर्षांत तिनं सांगितलेलं बटण दाबलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. तिनं बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

"माकड. अहो मौनी, माकड."

पडद्यावर मावशी थांबलेली. मागे काका पुटपुटले, "नरसाळं." स्वतःशीच. कॅमेरा दोनला फटाफटनं सांगितलं, फिरव, काहीतरी हलव. कॅमेरा दोन हलला नाही. कानातल्या हेडफोनमधून सगळ्यांना त्या कॅमेरामनचा हळू आवाज ऐकू आला, "कर्णा असेल, नाही तर चिमणीची टोपी." तोही त्याच टीव्हीपुढे वाढलेला. ग्राफिक्सवाली मुलगी तर उलटे आकडे टाकायचे सोडून नखं कुरतडत पडद्याकडे बघत होती, आपलं उत्तर बरोबर येतंय का म्हणून.

फटाफटचा पाय थडथडायला लागला. त्यानं लाल बटण दाबलं. "मॅडम, पुढे चला. बोला काहीतरी." मावशीची पापणीही हलली नाही. मग तो मौनीकडे वळला. बोट तसंच बटणावर, नेहमीसारखं, उचलायचं विसरलेलं. काकांनी ते पाहिलं. दरवेळी "बटण, साहेब" म्हणणाऱ्या काकांनी या वेळी मिटलेलं तोंड उघडलं नाही.

"काय चाललंय तुमचं?" फटाफट म्हणाला. "मेलेला पडदा जातोय घराघरांत. कट करा."

मौनीनं मान हलवली. नाही.

त्यानं मोकळा हात तिच्या पॅनेलकडे नेला. दुसऱ्याच्या चुलीवरच्या भांड्यात कुणी हात घालत नाही, तसा दुसऱ्याच्या पॅनेलला या खोलीत कुणी हात लावत नसे. मौनीनं दोन्ही तळवे बटणांवर आडवे धरले, एकही बटण न दाबता, अंड्यांवर हात धरावा तसे.

"का? का नाही करत कट? एक कारण सांगा मला."

इथं ती नेहमी खांदे उडवायची, किंवा मान खाली घालायची, आणि समोरचा स्वतःच कारण सांगून मोकळा व्हायचा. बरं नाही वाटत का, बटण अडलंय का, हेच ना? मौनीच्या मनात आलं, आज नाही. आज मी सांगणार. लागेल तेवढा वेळ लागू दे. हा विचारतोय ना, मग ऐकून घेऊ दे पुरतं.

"मु," ती म्हणाली. "मु-मु-"

"मुद्दाम? मुद्दाम करताय?"

तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "मु-मु-मुलं…" आवाज बंद झाला. समोर भिंतभर पडद्यांवर एकच चेहरा, हनुवटी तळव्यावर, किंचित कललेला, कानातल्या यंत्राच्या बाजूला. "मुलं अ-अजून बो-बोलतायत," मौनी म्हणाली. "त्यांचं बो-बोलून झालं, की क-करते कट."

पडद्यावरची मावशी हनुवटी न उचलता म्हणाली, "अस्सं. आणि?"

घराघरांतल्या मुलांना वाटलं, आपल्यालाच विचारलं. बरोबरच वाटलं त्यांना. कंट्रोल रूममध्ये मात्र सगळ्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग फटाफटच्या बोटाकडे, मग मौनीकडे. फटाफटनंही आपल्या बोटाकडे पाहिलं. ते त्यानं उचलायला हवं होतं. का कोण जाणे, त्यानं ते तिथंच राहू दिलं. त्याचा पायही थांबला होता.

आणि? मौनीला रडू येत होतं आणि राग येत होता, इतकी वर्षं मान हलवून गिळलेल्या सगळ्या वाक्यांचा राग. तिनं हेडफोनचा माइक ओठांजवळ ओढला.

"आणि म-मी पण त्यांच्यातलीच हो-होते," ती म्हणाली. "कु-कुलूप होतं त्या दि-दिवशी. कुणी थां-थांबत नव्हतं माझ्यासाठी. तु-तुम्ही थांबलात. म्हणून मी बो-बोलते. अडखळत बोलते, प-पण बोलते. माकड आलं असतं ना मध्ये, तर म-मी गप्पच झाले असते क-कायमची."

मावशीनं मान हलवली. अगदी थोडी, एकदाच. मग सरळ बसली, नरसाळं उचललं आणि एका बरणीच्या तोंडावर ठेवलं. "बरोबर सांगितलंस," ती मुलांना म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हात स्थिर होते. "आता बघ. वरून मी कितीही ओतलं, तरी खालून ते त्याच्या बेतानंच उतरतं. घाई करून ढोसलं तर सांडतं. थांबलं तर थेंब वाया जात नाही." आणि ती पाणी ओतू लागली. मौनीनं नरसाळ्याच्या बारीक तोंडावर कट केला, कुणी न सांगता. बरोबर वेळेवर केला.

कार्यक्रम संपल्यावर फटाफटनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "वरून बोलावणं येईल," तो म्हणाला.

"ये-येऊ दे," मौनी म्हणाली.

आलंच. वाहिनीच्या मोठ्या बाई आपल्या केबिनमध्ये उभ्याच होत्या. चौकशी होईपर्यंत पॅनेलवर बसायचं नाही, हे त्यांनी सांगितलं. मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "ताण आला असेल तुमच्यावर, जुना कार्यक्रम, भावना अनावर झाल्या, असंच ना? तसं म्हणा म्हणजे मिटवून टाकू." सोय छान होती. वाक्य आयतं तयार होतं, नुसती मान हलवायची. मौनीनं हाताचा पंजा वर केला.

"वा-वाक्य माझं आहे," ती म्हणाली. "मी सां-सांगते. ताण न-नव्हता. मी जाणूनबु-बुजून केलं."

"म्हणजे उद्या पुन्हा बसवलं, तर पुन्हा असंच कराल?"

"हो," मौनी म्हणाली. हा शब्द अजिबात अडला नाही.

बाहेर आवाजवाले काका, कॅमेरा दोन आणि ग्राफिक्सवाली मुलगी रांगेत उभी होती. तिची झाली की आमची चौकशी करा म्हणून. आणि त्यांच्यामागे, भिंतीला टेकून, कुणाच्या नजरेला नजर न देता फटाफट उभा होता. त्याला आत जाऊन काय सांगायचं होतं, ते मौनीनं विचारलं नाही. सांगेल तेव्हा सांगेल.

संध्याकाळी ती घरी आली, स्वेटर काढून खुर्चीवर टाकला, तोच फोन वाजला. ताई. मौनीनं तो कानाला लावला आणि नेहमीसारखी वादळाची वाट बघत बसली. ताईनं कार्यक्रम पाहिला असणार. आता ती विचारणार, आणि उत्तरही तीच देणार.

"पाहिला गं," ताई म्हणाली. "मावशी किती वेळ बसली बाई नुसती. मला आठवलं, आपण दोघी बघायचो. म्हणजे तू बोलायचीस तिच्याशी, आणि मी दारातून ऐकायचे. तू माझ्याशी तेवढं कधीच बोलली नाहीस. मला वाटायचं, त्या बाईत असं काय आहे?" ती थांबली. "आज कळलं काय आहे ते. तुला काही…"

आणि ताई गप्प बसली. जन्मात कधी गप्प न बसलेली ताई. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, मागे कुठंतरी तिच्या घरातला नळ ठिबकत होता. मौनीनं खुर्चीवरच्या त्या स्वेटरकडे पाहिलं. अक्षर अडलं, शिरा ताणल्या. ताईनं "तुला म्हणायचंय की" म्हटलं नाही. नळ ठिबकत राहिला.

"ता-ताई," मौनी म्हणाली. "म-मला हिरवा रंग आ-आवडत नाही. क-कधीच आवडला नाही. मला नि-नि-निळा हवा होता."

ताईचा श्वास अडकला, मग सुटला. हसली की रडली, ते फोनवरून नीट कळलं नाही.

"अस्सं," ती शेवटी म्हणाली. "आणि?"

मौनीनं खुर्ची ओढली, स्वेटर बाजूला सरकवला आणि ऐसपैस बसली.